“बाळंतपण होऊ दे, मग पाहू”

(महिला मेळाव्यात एका दंतवैद्य भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



घरात गोड बातमी आली की त्या मुलीच्या आहाराची, विश्रांतीची, वाचन-श्रवणाचीही काळजी सारे घर वाहते. गर्भसंस्कारांची चर्चा होते, डोहाळजेवण थाटात होते. मात्र तिची दाढ ठणकू लागली की तेच घर म्हणते, “बाळंतपण होऊ दे, मग पाहू.” तोवर दाढेखाली लवंग धरून तिने रात्री काढायच्या!

या टाळाटाळीच्या मुळाशी एक जुना समज आहे. बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते, म्हणून प्रत्येक मुलामागे एक दात जायचाच, असे आपण ऐकत आलो. हे खरे नाही. बाळाला कॅल्शियम मिळते ते आईच्या आहारातून आणि आहार अपुरा पडला तर तिच्या हाडांतून. दूध, नाचणी, तीळ तिला हवेतच. परंतु दात किडतात ते अस्वच्छतेने आणि वरचेवर गोड-चिकट खाण्याने.

या काळात संप्रेरके वाढतात आणि दातांवरील किटणामुळे हिरड्या एरवीपेक्षा अधिक सुजतात. ब्रश लावताच रक्त दिसते. घाबरून ती ब्रश करणे सोडते, किटण साचते आणि रक्त अधिकच येते. खरे तर अशा वेळी मऊ ब्रशने दोन वेळा दात घासण्याची गरज वाढलेली असते. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये. जठरातील आम्लाने दातांचे आवरण मऊ झालेले असते, ते घासले जाते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि तासाभराने ब्रश करावा. चिंच-कैरीचे डोहाळे अवश्य पुरवावेत, पण जेवणासोबत. दिवसभर चघळत नव्हे.

उपचारांसाठी चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. परंतु सूज किंवा पू असेल तर महिने मोजत बसू नये. दाढेतला जंतुसंसर्ग गळ्यापर्यंत पसरला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. हिरडीत देण्याची लिग्नोकेनची भूल गर्भिणीला चालते. धोका आहे तो दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा. टेट्रासायक्लिनने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके २० आठवड्यांनंतर टाळावी लागतात. दंतवैद्याला “मला दिवस गेले आहेत” हे सांगण्यात संकोच कसला?

हिरड्यांचा आजार असलेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची प्रसूती अधिक आढळते, असे १९९६ पासून सांगितले जाते. येथे अतिशयोक्ती नको. अमेरिकेत ८०० हून अधिक गर्भवतींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हिरड्यांवर उपचार केल्याने अशा प्रसूती कमी झाल्या नाहीत. मात्र हिरड्या सुधारल्या आणि उपचार सुरक्षित ठरले. माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

आता मिशरीविषयी. तव्यावर भाजलेली तंबाखू ‘दात घासण्यासाठी’ म्हणून आपल्या कितीतरी घरांत आजही राजरोस वापरली जाते. सासूच्या डबीतून ती सुनेच्या बोटावर येते. मिशरीशिवाय पोट साफ होत नाही, हे कारण तर ठरलेलेच! मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चघळण्याची तंबाखू, मुख्यतः मिशरी, वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले. ज्या नखभर पुडीला आपण दंतमंजन म्हणतो, ती बाळाच्या वाढीतून आपला वाटा घेते. गर्भिणीला एकटीला “सोड” म्हणून ती सुटत नाही. घरातील ज्येष्ठ स्त्रीने आपली डबी आधी टाकावी.

आणि बाळ आल्यावरचे एक सांगते. आईच्या तोंडातील कीड निर्माण करणारे जंतू लाळेवाटे बाळाकडे जातात. आपल्या तोंडात घातलेला चमचा त्याला भरवणे, घास चावून देणे, हे प्रेमाने होते खरे, पण टाळावे. म्हणूनच आईच्या किडलेल्या दाढा प्रसूतीपूर्वी भरून घ्याव्यात. पुढच्या तपासणीला जाताना त्या मुलीसोबत जो कोणी जाईल, त्याने डॉक्टरांना एवढेच विचारावे, “हिचे दात कधी दाखवू?”