यंत्र बदलण्याआधी



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. माझा जुना संगणक विंडोज ११ घेत नाही. नवा घेण्याऐवजी मोफत मिळणारे लिनक्स वापरायचे मी ठरवले. केरळच्या सरकारी शाळा ते कित्येक वर्षे वापरतात. मग निपाणीच्या निवृत्त शिक्षकाला का जमू नये?

पण तिथे माझे जुने लेख उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी! हे लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. त्या फाइलींत ‘क’ साठवलेलाच नसतो. रोमन अक्षराच्या सांकेतिक क्रमांकाला फॉन्ट देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. १९९१ पासून युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. तो कोणत्याही प्रणालीत ‘क’च राहतो.

म्हणून मी बदल तीन महिने लांबवला. लेख युनिकोडमध्ये आणले, रफार आणि जोडाक्षरे छापील प्रतीशी ताडून पाहिली, मगच विंडोज सोडले. आपल्या सीमाभागातल्या स्मरणिकांतले पुष्कळ लेखन दुसरीकडे कुठेच नसते. ते हरवले तर कायमचेच.

विद्यार्थ्यांनो, इन्स्क्रिप्ट कळफलक शिका. तो दोन्ही प्रणालींत आहे. शिवाय मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर. बेळगावच्या मुलाची बोटे एकदा शिकली की दोन्ही भाषांना पुरतात.

आज घरी गेल्यावर आपली सर्वांत जुनी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहा. वाचता आली, तर प्रणाली खुशाल बदला. नाही आली, तर आधी अक्षरे सोडवा.