सिस्टर चमचा हातात का देतात?



नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचा एक सोहळा असतो. सगळे त्याला ‘लॅम्प लायटिंग’च म्हणतात. पांढराशुभ्र गणवेश, हातात पणती नाहीतर मेणबत्ती आणि एका सुरात शपथ. शपथेला नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं, पण लिहिली दुसऱ्यांनीच. १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेच्या लिस्ट्रा ग्रेटर यांनी समितीसह ती तयार केली. दिव्याचंही तसंच. चित्रात नाइटिंगेलबाईंच्या हाती अल्लाउद्दीनचा दिवा असतो. तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात त्या घेऊन फिरायच्या तो साधा घडीचा तुर्की कंदील.

मूळ शपथेत डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचं वचन आहे. काळच तसा होता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तेव्हा मुलींच्या जखम बांधण्याइतकेच वक्तशीरपणावर आणि नीटनेटकेपणावरही शेरे मारले जात. हवा, उजेड, स्वच्छता ही नर्सची जबाबदारी, असं बाई बजावत होत्याच. तरी पुढे कितीतरी वर्षं नर्स म्हणजे डॉक्टरांची मदतनीस, हाच समज राहिला.

तो मोडला परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन यांनी. नर्सचं काम काय, तर अंगात ताकद, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर रोग्याने जे स्वतःच केलं असतं, त्यात त्याला मदत करायची. आणि तीही अशी, की लवकरात लवकर त्याला आपली गरजच उरू नये. श्वास, खाणंपिणं, झोप, कपडे, देवधर्म, करमणूक अशा १४ गोष्टी त्यांनी मांडल्या. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९६० मध्ये काढलेली त्यांची पुस्तिका जगभर गेली, आणि आपल्याकडेही नर्सिंगच्या वर्गात या १४ गोष्टी शिकवल्या जातात.

आता वॉर्डात चला. अर्धांगवायूतून सावरणारे आजोबा. सिस्टर आधी बघतात, घास नीट गिळतायत का, ठसका लागतोय का. मग पाठीला उशी देऊन ताठ बसवतात, वाटी चांगल्या हाताकडे सरकवतात आणि जाड दांड्याचा चमचा हातात देतात. थोडी पेज तोंडात, थोडी छातीवरच्या टॉवेलवर. “आजोबा, घाई नाही.” भरवून मोकळं व्हायला पाच मिनिटं पुरली असती, इथे अर्धा तास जातो. शेजारी बसलेल्या सूनबाईंना मात्र वाटतं, सिस्टर कामचुकार आहे! एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असला की हा अर्धा तास मिळत नाही, हेही खरंच. शिकवणीपेक्षा नर्सेसची भरती कमी पडते आहे.

तेव्हा घरचं कुणी दवाखान्यात असलं आणि सिस्टर म्हणाल्या, “त्यांचं त्यांना करू द्या,” तर मध्ये पडून चमचा काढून घेऊ नका. पोटात किती गेलं आणि ठसका लागला का, एवढं मात्र सिस्टरना आठवणीने सांगा.