कार्ड आले, दवाखाना कोठे?

(आटगाव येथील कार्यकर्त्यांच्या सभेत केलेले भाषण)



आटगाव स्थानकातून तानसेकडे जाणारा रस्ता आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे. 1892 साली बांधून झालेल्या त्या तलावाचे पाणी मुंबईस जाते. पुढे वैतरणेचे व भातसेचेही गेले. पाणी विनासायास पोचते. पाड्यावरचा रोगी मात्र ठाण्या-मुंबईच्या इस्पितळापर्यंत पोचेतो घरची शेळी विकून बसतो.

सरकार म्हणते, आता सर्वांना विमा आहे. 2012 साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, 2017 साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि 2023 साली उत्पन्नाची अट काढून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. ज्याच्या हृदयावरील शस्त्रक्रिया या योजनेतून झाली, त्याच्या घरी जाऊन तिची टिंगल करण्याचे धैर्य मला नाही, आपणही करू नये. परंतु ही योजना मुख्यतः खाटेवर पडलेल्या रोग्यासाठी, ठरावीक उपचारांपुरती आहे, आणि मान्यताप्राप्त इस्पितळे बहुतांशी शहरांत आहेत. ताप, जुलाब, रोज घ्यावयाची रक्तदाबाची गोळी, बुडालेली मजुरी, जीपचे भाडे यांपैकी काहीच तिच्यात बसत नाही. भातलावणीत साप चावला तर कार्ड काय करणार? तेथे प्रश्न एवढाच की, जवळच्या आरोग्य केंद्रात लस आहे काय, आणि रात्री ती टोचणारा डॉक्टर आहे काय.

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. मूल तेथे आजारी पडते, कागदपत्रे असलीच तर येथे असतात. कंत्राटी कामगाराचे दुखणे निराळे. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तरी ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारी तरतूद 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्यातच होती. तरीही स्वतःचा विमा क्रमांक सांगू शकेल असा कंत्राटी मजूर भेटला की मला नवल वाटते.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 साली मांडले. त्यासाठी तिने मागितली ती सार्वजनिक आरोग्यसेवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क झाले, ही आनंदाची गोष्ट. पण खिडकीवरची फी माफ झाली आणि औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली, तर गरिबाने काय करावे? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे अभिवचन दिले होते. ते वर्ष उलटले, अभिवचन कागदावरच राहिले.

आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व 3,000 मागे एक उपकेंद्र, हा सरकारचाच निकष आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येकाने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आपल्या केंद्रात मंजूर पदे किती, त्यांतील भरलेली किती, आणि सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या आज कपाटात किती आहेत. उत्तरे घेऊन पावसाळ्यापूर्वी आपण येथेच पुन्हा बसू.