उशिरा भेटलेले नाथमाधव

‘सध्या काय वाचताय?’ असे कुणी विचारले, की आपण एखादे वजनदार चरित्र पुढे करतो. उशाशी उघडी असलेली रंजक कादंबरी मात्र गुलदस्त्यात ठेवतो. आमच्या घरी तर तशी कादंबरी उशाशीही नसे. बाबा इतिहासाचे शिक्षक. कादंबरीत सन चुकला, की ते पुस्तक मिटून ठेवीत. अशा घरात ‘वीरधवल’ कुठून येणार? तो भेटला धंतोलीतल्या एका दवाखान्यात.

धंतोली नागपूरकरांना सांगायला नको. यशवंत स्टेडियमकडून आत वळले, की दवाखाना, औषधांचे दुकान, पुन्हा दवाखाना. सगळ्या विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही माणसे इथे रुग्ण घेऊन येतात. बाबांच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, पण पाय टेकवायला ते तयार नव्हते. शेजारच्या खाटेशी आर्वीकडच्या एक काकू रात्ररात्र पुस्तकात डोके घालून बसत.

‘‘काय वाचून राहिल्या, काकू?’’ मी विचारले.

‘‘वीरधवल. आमच्या मामंजींचं पुस्तक आहे. घ्या ताई, माझं तिसऱ्यांदा होऊन राहिलं.’’

मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली ती रा. भि. गुंजीकरांच्या १८७१च्या ‘मोचनगड’पासून. हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहून तिला मोठे केले. नाथमाधव त्यांच्या मागून आले. त्यांची ‘वीरधवल’ १९१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात इतिहास शोधू नये. तो पोशाखापुरता आहे. राजघराणी, कारस्थाने, तलवारी आणि प्रेम, हा सगळा मामला. भाषा जुन्या वळणाची, योगायोग तर विचारू नका. पण पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही.

मी हळू आवाजात वाचू लागले. बाबांनी पहिल्याच रात्री हरकत घेतली, ‘‘हा राजा कुठल्या शतकातला?’’ तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला थांबले, तर म्हणाले, ‘‘लवकर पी.’’

अशा पुस्तकात नायक सुटणार हे आपल्याला माहीत असते, कसा सुटणार एवढेच ठाऊक नसते. दवाखान्यात नेमके उलट. काय काय करणार ते डॉक्टर नीट समजावून सांगतात. शेवट काय होईल, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच त्या रात्री जड पुस्तकापेक्षा हे हलके पुस्तक अधिक उपयोगी पडले.

मग मोबाईलवर लेखकाची माहिती शोधली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म १८८२चा, मुंबईचा. कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी. १९०५ साली शिकारीसाठी सिंहगडावर गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. वय अवघे तेवीस. त्यानंतर १९०८ साली ‘प्रेमवेडा’, १९०९ साली ‘सावळ्या तांडेल’, पुढे ‘वीरधवल’, ‘डॉक्टर’, आणि १९२१पासून शिवकालावरची स्वराज्याची मालिका. १९२८ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

हे मी बाबांना वाचून दाखवले. ‘‘म्हणजे हे सगळं पडल्यानंतर लिहिलं?’’ त्यांनी विचारले. मी ‘हो’ म्हटले. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘शतक कुठलं का असेना. वाच पुढे.’’

हलके लिहायला हलके आयुष्य लागते, असा आपला समज असतो. ज्याला उठून खिडकीपर्यंत जाता येत नव्हते, त्या माणसाने वाचकाला गडकिल्ले हिंडवून आणले. त्याने आपले दुखणे वाचकाच्या गळ्यात बांधले नाही. करमणुकीला कमी लेखणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

बाबांना वॉकर घेऊन अंगणापर्यंत यायला दोन महिने लागले. त्याचे श्रेय फिजिओथेरपिस्टचे, नाथमाधवांचे नव्हे. पण दुपारचा व्यायाम संपला, की पुस्तक हवे, असा त्यांचा करार होता. काकूंची प्रत आर्वीला परत पोचती केली. आता घरी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आणला आहे. तिथे शिवाजी महाराज आहेत. त्यामुळे बाबा पुन्हा पेन्सिल घेऊन बसलेत, सन तपासायला.