लॉटरी : गरिबाच्या आशेवरील कर



लॉटरीची चर्चा समाजवादी कार्यकर्त्यांनी आत्मपरीक्षणाने सुरू करावी, हे उचित होय. १९६७ साली केरळात नंबूद्रीपाद यांचे सप्तपक्षीय मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याचे अर्थमंत्री पी. के. कुंजू हे संयुक्त समाजवादी पक्षाचे होते. त्यांच्याच कारकिर्दीत खाजगी लॉटऱ्यांवर बंदी आली आणि राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. १९६९ मध्ये महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरला. राज्यांच्या तिजोऱ्या रित्या होत्या, नव्या करांचा बोजा लादावयाचा नव्हता आणि तिकीटविक्रीतून बेकारांना व अपंगांना चार पैसे मिळणार होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हिशेब मात्र तपासला पाहिजे.

समजा, ५० रुपयांची एक लाख तिकिटे खपली. जमा झाले ५० लाख रुपये. लॉटरीवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. तो तिकिटाच्या किमतीतच धरलेला असल्याने दर तिकिटामागे सुमारे १४ रुपये २९ पैसे करापोटी जातात व केंद्र आणि राज्य यांत निम्मे निम्मे वाटले जातात. बक्षिसांसाठी निम्मी रक्कम, म्हणजे २५ लाख, ठेवली असे धरू. मग उरलेल्या पावणेअकरा लाखांच्या आतच विक्रेत्यांचे कमिशन, छपाई, जाहिरात आणि सरकारचा नफा बसवावा लागतो. एखाद्याने सगळीच्या सगळी तिकिटे विकत घेतली, तरी त्याच्या हाती निम्मेच पैसे परत येतील. शिवाय मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आहेच. एकेक तिकीट घेणाऱ्या लाखभर माणसांचे एकत्रित गणित याहून निराळे नसते. फरक इतकाच, की तोटा हजारोंच्या खिशांत विखुरला जातो आणि विजेत्याचे छायाचित्र तेवढे दुकानावर झळकते.

अंदाजपत्रकाचा आणखी एक भुलावा आहे. लॉटरीची विक्री करेतर महसुलात ढोबळ आकड्याने जमेस धरली जाते आणि बक्षिसांचा व कमिशनचा खर्च दुसऱ्या बाजूस पडतो. जमेचा कोट्यवधींचा आकडा पाहून जे लॉटरीला राज्याचा आधारस्तंभ म्हणतात, त्यांनी खर्च वजा करून पाहावा. केरळने २०११-१२ मध्ये ‘कारुण्य’ लॉटरी काढून तिचा नफा गरीब रुग्णांच्या उपचाराला जोडला. त्या मदतीने कित्येक घरे सावरली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मजुराच्या शस्त्रक्रियेचा खर्च दुसऱ्या मजुराच्या तिकिटातून निघावा, यात श्रीमंताने काय दिले?

कारखानदार आणि हमाल यांना तिकीट एकाच भावाने मिळते. पण त्या ५० रुपयांचा भार दोघांवर सारखा नाही. हमालाच्या रोजीतून ते जातात तेव्हा घरातले दूध वा भाजी कमी होते. ज्याला पगारातून, बचतीतून वा शिक्षणातून वर येण्याचा रस्ता दिसत नाही, तोच सोडतीकडे डोळे लावतो. म्हणून ‘तिकीट ऐच्छिक आहे’ हा युक्तिवाद अपुरा पडतो.

याच्या शेजारी दुसरा इतिहास ठेवून पाहावा. १९५३ साली आलेला मृत्युकर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, १९८५ मध्ये रद्द झाला. १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे; बड्या बागाईतदारांपुढे तो बहुधा म्यान राहतो. वारसा आणि मालमत्ता यांना सूट मिळत गेली, आणि नशिबाच्या तिकिटावरील कर मात्र ४० टक्क्यांवर पोचला.

मग लॉटरी उद्याच बंद करावी काय? तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये ती बंद केली. सरकारी लॉटरी हाही जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे. तथापि मटक्याचा अड्डा आणि मोबाईलवरचा सट्टा जागा भरून काढण्यास टपलेले असतात, आणि दारोदार तिकिटे विकणाऱ्या वृद्धाची व अपंगाची चूल त्याच दिवशी विझते. त्यांना पर्यायी काम व निवृत्तिवेतन दिल्यावाचून केलेली बंदी ही मध्यमवर्गीय सोवळेपणाची ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी चार मागण्या घेऊन लोकांत जावे. तिकिटाच्या पाठीवर त्यातील किती पैसे बक्षिसाला, किती कराला आणि किती कमिशनला जातात, ते मराठीत छापावे. रुग्णालये व शाळा यांचा खर्च नियमित महसुलातून व्हावा. विक्रेत्यांच्या पुनर्वसनाची योजना आधी आखून मगच लॉटरीचा विस्तार आवरावा. आणि वारसा व संपत्ती यांवरील कर पुन्हा बसवावेत. यांतील शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे. परंतु तिच्यावाचून पहिल्या तिन्ही अपुऱ्या राहतील. ज्या राज्यात आजारपणाला आणि म्हातारपणाला हक्काचा आधार असेल, तेथे सोडतीच्या निकालाकडे डोळे लावून बसण्याची पाळी फारच थोड्यांवर येईल.