मांजराची तहान
(रेडिओवरील भाषण)

आज मांजराच्या जेवणाबद्दल बोलायचं आहे, त्यातही पाऊचमध्ये आणि डब्यात मिळणाऱ्या ओल्या खाण्याबद्दल. हा विषय पूर्वी पुण्या-मुंबईचा वाटायचा. आता मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरच्या आमच्या बीबी गावातही लोक मेहकरहून, जालन्याहून येताना पिशवीत चार पाऊच घेऊन येतात, नाहीतर मुलं मोबाइलवरून मागवतात. आणि मग प्रश्न येतो, यातलं कुठलं चांगलं? चिकनचं की माशाचं? रश्शाचं की जेलीचं? रोज द्यावं का?

मला विचाराल तर सुरुवात चवीपासून करू नये. सुरुवात पाण्यापासून करावी.

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. पण वाळवंटातली सवय मात्र मांजराच्या अंगात तशीच राहिली. त्याला तहान कमी लागते. त्याची मूत्रपिंडं लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवतात. त्याला लागणारं बहुतेक पाणी शिकारीतूनच मिळायचं, कारण उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे उंदीर हेच मांजराचं मूळचं ओलं खाणं.

आता आपल्या गावांकडे बघा. मातीची घरं गेली, स्लॅबची आली. कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या. सोयाबीन निघालं की थेट बाजारात जातं, घरात राहतं ते खाण्यापुरतं. वाहनं वाढली म्हणून मांजराला रस्त्यावर सोडायची भीती, आणि उंदरांसाठी ठेवलेलं औषध खाल्लेला उंदीर त्याच्या तोंडी लागेल ही दुसरी भीती. मग मांजर घरात बसतं आणि आपण त्याच्यासमोर दूधपोळी ठेवतो, किंवा दुकानातले कोरडे दाणे ठेवतो. कोरड्या दाण्यांत पाणी असतं आठ-दहा टक्के. पाऊचमधल्या खाण्यात असतं पंचाहत्तर ते ऐंशी टक्के.

हा फरक हिशेबाने बघू. चार किलोच्या मांजराला दिवसभरात सगळं मिळून साधारण दोनशे मिलिलिटर पाणी लागतं. 80-85 ग्रॅमचे तीन पाऊच त्याने खाल्ले, तर जवळपास तेवढं पाणी नुसत्या खाण्यातून पोटात गेलं. त्याच मांजराने साठ ग्रॅम कोरडे दाणे खाल्ले, तर खाण्यातून गेलं पाच-सहा मिलिलिटर. उरलेलं त्याने भांड्यातून प्यावं अशी आपली अपेक्षा. ते पितं, नाही असं नाही, पण ती तूट सहसा पूर्ण भरून काढत नाही. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून ओल्या खाण्याचा पहिला गुण ओलावा. दुसरा मांस.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रं भाकरीवर निभावून नेतं, मांजर निभावू शकत नाही. त्याला टॉरिन नावाचा एक घटक लागतो. आपलं शरीर तो बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसात, माशात असतो आणि वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतोच. आपण सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर आहेत, पण सोयावडीच्या भांडंभर रश्शातही मांजराच्या उपयोगाचं टॉरिन नाही. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हे 1975मध्येच कळलं होतं. त्याहून मोठा धक्का 1987मध्ये बसला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. हृदय मोठं आणि दुबळं झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी सापडलं होतं. त्यातली 21 मांजरं बाजारात मिळणारं तयार मांजरखाद्यच खात होती. टॉरिन देणं सुरू केल्यावर हृदय सुधारू लागलं. जो आजार जवळपास मृत्यूचाच निरोप समजला जायचा, तो खाण्यातली उणीव भरून बरा होऊ लागला. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं. आज अमेरिकेतल्या मानकांत डब्यातल्या ओल्या खाद्यासाठी टॉरिनचं प्रमाण कोरड्या खाद्याच्या दुप्पट ठेवलेलं आहे, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेमुळे आतड्यातले जंतू ते जास्त खाऊन टाकतात.

या गोष्टीमुळे मी पाकिटाची पुढची बाजू फारशी बघत नाही. पुढे गुबगुबीत मांजराचा फोटो असतो, वाफाळलेल्या माशाचा तुकडा असतो. पाऊच उलटा करा. मागे बारीक इंग्रजी अक्षरं असतात, घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला बसवा. त्याला सांगा, ‘कम्प्लीट’ हा शब्द शोध. ‘कम्प्लीट’ लिहिलं असेल तर ते खाणं एकट्याने मांजराला पुरेल असं बनवलेलं आहे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल, किंवा ‘ट्रीट’ असेल, तर तो खाऊ झाला. त्या मलईसारख्या नळ्या, ज्या मांजरं बोटावरून चाटून घेतात, बहुतेक याच प्रकारातल्या. लाड म्हणून एखादी द्या, तिच्यावर मांजर पोसू नका. नुसत्या शिजवलेल्या ट्यूनाचे किंवा चिकनच्या धाग्यांचे डबे असतात, दिसायला सगळ्यात शुद्ध, मांसच मांस. त्यांच्यावरसुद्धा बरेचदा ‘कॉम्प्लिमेंटरी’च लिहिलेलं असतं, कारण त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घातलेली नसतात.

मग घटकांची यादी. पहिला शब्द मांसाचा किंवा माशाचा असावा. ‘टॉरिन’ हा शब्द यादीत दिसावा. पिल्लू असेल, किंवा मांजरी गाभण अथवा पाजती असेल, तर ‘किटन’ लिहिलेलंच घ्यावं. जेलीतली ‘ग्वार गम’ वाचून दचकू नका, ती आपल्या गवारीच्या बियांतून निघते.

एक घोळ प्रथिनांच्या आकड्यात होतो. कोरड्या पिशवीवर लिहिलेलं असतं प्रथिनं 32 टक्के, आणि ओल्या पाऊचवर 10 टक्के. माणूस म्हणतो, पाऊचमध्ये काही दमच नाही. पण पाऊचच्या शंभर ग्रॅममध्ये ऐंशी ग्रॅम पाणी आहे. उरलेल्या वीस ग्रॅममध्ये दहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे निम्मी. पिशवीच्या शंभर ग्रॅममध्ये पाणी दहा ग्रॅम, उरलेल्या नव्वदमध्ये बत्तीस, म्हणजे पस्तीस-छत्तीस टक्के. पाणी वजा करून तुलना केली की पाऊचच पुढे निघतो. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो, आणि करायलाच हवा.

रस्सा, जेली की मऊ लगदा, हे मात्र मांजरावर सोडा. लहानपणी ज्या प्रकारचं खाणं तोंडात बसलं, त्याचाच मांजर पुढे हट्ट धरतं. नवीन खाणं सात-दहा दिवसांत हळूहळू जुन्यात मिसळून द्या. ‘उपाशी राहील तेव्हा खाईल’ हा नियम मांजराला लावू नका, हे मी फार कळकळीनं सांगते आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि त्यात ते दगावू शकतं.

आता खर्चाचं बोलू. एक पाऊच साधारण 40 ते 50 रुपयांना पडतो. दिवसाला तीन म्हटले तर महिन्याचा आकडा शेतमजुराच्या घराला झेपणारा नाही, आणि कुणी झेपवावा असंही मी म्हणणार नाही. दिवसाला एक पाऊच द्या आणि सोबत ‘कम्प्लीट’ लिहिलेले कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या. पाऊच रिकामा झाला की त्यात दोन चमचे पाणी घालून हलवा आणि तेही ताटलीत ओता. मांजर ते चाटून पुसून खातं. एवढ्यानेसुद्धा पाण्याचा हिशेब बराच सुधारतो.

घरी चिकन आणलं तर मांजराचा वाटा मीठ-मसाला पडायच्या आधी काढून ठेवा. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपण फोडणीतला तुकडा धुऊन देतो, पण कांद्याचा अंश धुऊन जात नाही. छातीच्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरिन जास्त असतं, काळजाच्या तुकड्यात, म्हणजे हृदयात, आणखी जास्त. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणून मांस उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, तेच त्या मांसावर घाला. कलेजी आठवड्यातून थोडी पुरे, रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. शिजलेली हाडं काढून टाका. आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील मांजराला वास घेताच वेड लावतात, पण त्यात मीठ फार असतं. कच्चे मासे रोज देणंही बरं नाही, काही जातींच्या माशांत ‘ब-1’ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. हे सगळं घरचं खाणं मात्र जोडीला. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजराचं पूर्ण पोषण होत नाही.

माळकरी घरांबद्दल मुद्दाम बोलायचं आहे. आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या अंगणात मांजरंही पुष्कळ आहेत. स्वयंपाकघरात मांस शिजवायचं नाही हा त्यांचा नेम आहे, तो त्यांनी पाळावा. पण त्या नेमाचा भार मांजरावर टाकता येत नाही, त्याचं शरीर तो उचलू शकत नाही. अशा घराला बंद पाऊच फार सोयीचा. चूल विटाळत नाही, हात लावायची गरज नाही. ओसरीवर किंवा गोठ्याकडे एक वेगळी ताटली ठेवायची, पाऊच फाडून त्यात ओतायचा, ताटली तिथेच धुवायची. अशी रीत लावून घेतलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्या घरातल्या आजींबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि दूध? मोठ्या मांजराला दुधातली साखर पचवणं जड जातं, अनेकांना हगवण लागते. मांजराला गोड चव कळतच नाही, त्याला ओढ असते ती सायीची. चमचाभर सायीने बिघडत नाही, पण दूध हे त्याचं पाणीही नव्हे आणि जेवणही नव्हे.

उघडलेला पाऊच उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. फ्रिजमधलं थंड खाणं मांजर हुंगतं आणि पाठ फिरवतं. आपण म्हणतो, नखरे. ताज्या शिकारीचं अंग कोमट असतं, आणि थंड खाण्याला वास येत नाही. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग द्या. ताटली पसरट असावी. पाण्याचं भांडं जेवणापासून लांब, सावलीत ठेवावं, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवावं.

शेवटी बोक्यांविषयी. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. पाणी कमी पडलं, लघवी घट्ट झाली, की त्यात खडे आणि चिकट गाळ साचून तो मार्ग बंद होऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही, सारखा मागे चाटत राहतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालं असेल, उद्या बघू. उद्यापर्यंत थांबू नका. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत विष अंगात भिनून बोका जातो. घरगुती औषध देऊ नका, माणसाची तापाची गोळी तर मुळीच नको, पॅरासिटामॉल मांजराला मारतं. त्याला पिशवीत किंवा टोपलीत घाला आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा, आणि पहिलं वाक्य हेच सांगा की बोका आहे आणि लघवी अडली आहे.