नावात गुंतवलेला पैसा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावरून बोलण्याचा मला सराव नाही. दरवर्षी या दिवशी मी खाली फराळाच्या व्यवस्थेत असते. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, आणि त्याला कारणही तसेच घडले. गेल्या महिन्यात आपल्या बचत गटाच्या बैठकीत एक सूचना आली, की गटाच्या शिलकेतून इंटरनेटवरची नावे घेऊन ठेवावीत. नव्या यंत्रांच्या शब्दांची नावे घेतली तर पुढे ती चढ्या भावाने विकली जातील. भगिनींनो, मी हा उद्योग करून बसले आहे. तेव्हा निर्णय होण्याआधी माझा जमाखर्च आपल्यापुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजते.

प्रथम हे नाव म्हणजे काय, ते सांगते. इंटरनेटवर एखाद्या दुकानाचा वा संस्थेचा जो पत्ता असतो, त्याला डोमेन नाव म्हणतात. ‘डॉट कॉम’ किंवा आपल्या देशाचे ‘डॉट इन’ हे त्याचे शेपूट. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीने नोंदवले. एक नाव एका वेळी एकालाच मिळते, म्हणून लोक त्याला प्लॉटची उपमा देतात. ती उपमा अर्धीच खरी आहे. प्लॉट विकत घेतला की आपला होतो. नाव मात्र भाडेपट्ट्यानेच मिळते, तेही एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. भाडे थकले की थोड्या मुदतीनंतर ते सुटते, आणि कोणीही ते घेऊ शकतो. मला हा फरक फार उशिरा उमजला.

आता यंत्रांचे. फ्रिज, गीझर, दिवे, दाराचे कुलूप अशा वस्तू इंटरनेटला जोडल्या, की त्या व्यवस्थेला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणजे वस्तूंचे इंटरनेट म्हणतात. या शब्दाचा उगम आपल्याला गंमतीचा वाटेल. केव्हिन ॲश्टन नावाचे गृहस्थ प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत ओठाला लावायच्या लाल्यांचा व्यवहार पाहत होते. एक तपकिरी छटा दुकानात नेहमी संपलेली दिसे. वस्तूनेच आपली खबर द्यावी, हा विचार त्यातून निघाला, आणि १९९९ साली कंपनीपुढे बोलताना त्यांनी या शब्दांचे शीर्षक दिले. एका लिपस्टिकपासून एवढा मोठा शब्द जन्माला आला!

जानेवारी २०१४ मध्ये गूगलने घरातील उष्णता आपोआप राखणारे यंत्र बनवणारी नेस्ट ही कंपनी ३२० कोटी डॉलरना घेतली. ती बातमी वाचून माझे डोके फिरले. पाटल्या करायला म्हणून मी पैसे बाजूला ठेवले होते. एका दुपारी स्वयंपाकघरात बसून मी चोहीकडे पाहिले, आणि दिसेल त्या वस्तूमागे ‘स्मार्ट’ शब्द लावून नावे शोधली. गीझर झाला, कुकर झाला, पाण्याची टाकी झाली. आठवड्याभरात ४० नावे घेतली. दर नावाला वर्षाला सरासरी ८०० रुपये, म्हणजे ३२ हजार रुपये गेले.

वर्षभर एकही गिऱ्हाईक आले नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा ३२ हजार भरले. सोडून दिले आणि उद्याच कोणी विचारले तर, ही एकच भीती. सोडतीची तिकिटे घेणाऱ्या माणसाचे मन मला तेव्हा कळले. त्याच वर्षी एक पत्र आले, की आपले नाव घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त किमतीचा दाखला आमच्याकडून विकत घ्या. भाच्याने वेळीच हात धरला. दाखल्याचे पैसे गेले की गिऱ्हाईक नाहीसे होते, असा तो फसवणुकीचा धंदा आहे. आणखी एका नावात एका कंपनीचे नाव मी अजाणता गोवले होते. तिच्या वकिलाची नोटीस आली आणि ते नाव मी मुकाट्याने सोडले. जाणत्या माणसाने नंतर सांगितले, की रेडिफशी मिळतेजुळते नाव घेणाऱ्याला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच रोखले होते. मी आधी विचारले असते, तर त्या रात्रीची झोप गेली नसती.

तिसऱ्या वर्षी १५ नावे ठेवली, १२ हजार भरले. त्यांतले एक २५ हजारांना विकले गेले. दलाली वजा जाता २० हजार हातात आले. एकूण खर्च ७६ हजार, जमा २० हजार. ५६ हजारांना मी बुडाले. पैशापेक्षा वाईट म्हणजे, दोन वर्षे हे मी घरात कोणालाही सांगितले नाही. ‘पाटल्या कधी करायच्या?’ असे सासूबाई विचारीत, आणि सोन्याचा भाव उतरू द्या, असे मी सांगत असे. शेवटी सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, पहिल्याच वर्षी बोलली असतीस तर निम्मे वाचले असते.”

माझे कुठे चुकले, याचा मी पुष्कळ विचार केला. ज्या नेस्टच्या बातमीने मी भुलले, त्या नावाचा अर्थ घरटे. त्यात ‘स्मार्ट’ही नाही आणि यंत्राचे नावही नाही. कंपनी आपले नाव आपणच ठेवते, जसे आपण बारशाला ठेवतो. शेजारणीने आधी ठरवून ठेवलेले नाव विकत घ्यायला कोण जाईल? शिवाय असे जोडशब्द अगणित. एक अडले तर गिऱ्हाईक दुसरे जुळवते. त्यातून हे शब्द टिकतही नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल वगैरेंनी घरातील यंत्रांसाठी एक सामाईक पद्धत जाहीर केली आणि तिचे लघुनाम ‘चिप’ ठेवले. भाच्याने लगोलग त्या शब्दाची सहा नावे घेतली. मे २०२१ मध्ये तिचे नाव बदलून ‘मॅटर’ झाले. सहाही नावे वाया गेली.

कोणी म्हणेल, २०१९ साली ‘व्हॉइस डॉट कॉम’ ३ कोटी डॉलरना विकले गेले, ते कसे? खरे आहे. पण तो भाषेतला नित्याचा, छोटा शब्द आहे, आणि विकणाऱ्या कंपनीकडे तो कित्येक वर्षे होता. असे शब्द आज भाडेपट्ट्याने मोकळे सापडत नाहीत. ज्यांची नावे विकली जातात त्यांची बातमी होते. माझ्यासारख्यांची नावे मुदत संपून गळून पडतात, त्यांची होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की गटाच्या शिलकेला या कामी हात लावू नये. त्या शिलकेत आपल्या कित्येक भगिनींचे पोळ्या लाटून मिळवलेले पैसे आहेत. नाव घ्यायचेच तर एकच घ्यावे, ते आपल्या मसाल्यांचे आणि मंडळाचे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असे शेपूटही मिळते. मात्र ते मंडळाच्याच नावावर नोंदवावे, नोंदवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको. आणि भाड्याची तारीख कार्यालयातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी. वर्षाला हजार-पंधराशे रुपयांत काम होईल. त्या नावाला मोल येईल ते आपल्या गोड्या मसाल्याने.

आणखी एक. कोणी भगिनी अशा कशात अडकली असेल, तर तिने एकटीने सोसू नये, मंडळात येऊन बोलावे. मी उशीर केला, म्हणूनच आज एवढ्या जणींपुढे हे सांगण्याचा धीर केला.